घरच्या टाकीतले चपळ मासे कसे धरायचे? पळवापळवी टाळा, मासे वाचवा

परभणी : काचेच्या टाकीला चीर जाते, एखाद्या माशाला रोग लागतो, पिल्ले वेगळी काढायची असतात, नाहीतर उन्हाळ्यात पूर्ण टाकी धुवायची असते. अशा वेळी झेब्रा, टायगर बार्ब, मोली यांच्यासारखे चपळ मासे काही केल्या हाती लागत नाहीत. मग छोटी जाळी घेऊन अर्धा अर्धा तास पळवापळवी चालते. मासा शेवटी सापडतो, पण दोन दिवसांनी पाण्यावर उलटा तरंगताना दिसतो. दोष पाण्याला नाहीतर खाद्याला दिला जातो. खरे कारण बऱ्याच वेळा त्या पळवापळवीतच असते.

पळवल्याने मासा का मरतो?

जीव तोडून पळताना माशाचा प्राणवायू कमी पडतो आणि अंगात आम्ल साठते. दमलेल्या बैलासारखे लगेच बसून त्याला सावरता येत नाही. त्यातच अंगावरचा चिकट थर जाळीला घासून निघतो. हा थर म्हणजे माशाचे चिलखत. तो गेला की बुरशी आणि जंतू शिरतात.

आपल्या भागात उन्हाळ्यात धोका जास्त. मे महिन्यात परभणीचा पारा ४२ अंशांच्या वर जातो. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास, तर ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून भर दुपारी मासे धरू नयेत. सकाळी गार वेळेला हे काम करावे.

धरण्याआधीची तयारी

• मासे लांब न्यायचे असतील तर आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. घाण कमी होते, पिशवीतले पाणी नासत नाही.
• हीटर आणि फिल्टरचा प्लग काढा, मगच पाण्यात हात घाला. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला तर काच तडकते.
• दगड, शोभेच्या वस्तू, झाडे हळूच बाहेर काढा. लपायला जागा राहिली तर मासा सापडत नाही.
• टाकीतलेच पाणी पाइपने स्वच्छ बादलीत काढून ठेवा. टाकीत एक तृतीयांश पाणी राहू द्या. जागा कमी झाली की माशाचा वेगही कमी होतो. हवेचा पंप मात्र चालू ठेवा.

दोन जाळ्यांची पद्धत

नदीवर मासे धरणारे जाळे एका जागी लावतात आणि मासे तिकडे हाकतात. घरीही तसेच करायचे. मऊ कापडाची मोठी जाळी कोपऱ्यात काचेला टेकवून स्थिर धरा. दुसऱ्या हातातल्या छोट्या जाळीने मासा सावकाश तिकडे वळवा. मासा आत शिरला की मोठी जाळी काचेलगत वर घ्या. माशाच्या दोन्ही बाजूंना पाण्याची हालचाल ओळखणारी रेषा असते. जाळी जोरात फिरवली की तो आधीच सावध होतो.

पाच मिनिटांत जमले नाही तर थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा.

आणखी दोन उपाय

रात्री दिवे बंद करून तासभर थांबा. अंधारात बरेच मासे सुस्त होतात. मग मोबाइलचा मंद उजेड बाजूने दाखवून जाळी लावा.

दुसरा उपाय बाटलीचा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवा. कापलेली कड घासून गुळगुळीत करा, आत थोडे खाद्य टाका आणि बाटली आडवी ठेवा. मासा आत जातो, पण त्याला बाहेरची वाट लवकर सापडत नाही. बाटली तशीच सोडून जाऊ नका, सारखे लक्ष ठेवा.

काटेवाले मांगूर जातीचे मासे जाळीत अडकतात. त्यांना डब्यात घ्यावे. डास-अळ्यांसाठी हौदात सोडलेले गप्पी मासे वरच फिरतात. त्यांच्यासाठी चिमूटभर खाद्य आणि पारदर्शक बरणी पुरते.

धरल्यानंतर

मासा कोरड्या हाताने धरू नका. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा ठेवा. नव्या टाकीत पिशवी १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवा. नंतर थोडे थोडे नवे पाणी पिशवीत मिसळा. बार्ब, झेब्रा उड्या मारतात, म्हणून टाकीवर झाकण हवेच.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढायचे थेंब टाका. बोअरचे पाणीही दिवसभर हवा देऊन मगच वापरा. निम्मे पाणी जुन्याच टाकीतले ठेवले तर माशाला बदल सोसतो.

नदीत सोडू नका

मासे नको झाले म्हणून पूर्णा, दुधना, गोदावरीत किंवा येलदरीच्या पाण्यात सोडू नयेत. १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणलेली चिलापी आज अनेक धरणांत स्थानिक माशांच्या मुळावर उठली आहे. तेथे पोट भरणाऱ्या मच्छीमारांचे त्यात नुकसान होते. मासे दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत किंवा दुकानदाराला परत करावेत.