इंग्रजी वाक्प्रचारांतील बदल आणि मातृभाषकांची स्वीकृती : एक ऐतिहासिक परामर्श

प्रस्तावना :
वाक्प्रचारातील शब्द बदलल्यास तो मातृभाषकाला खटकतो, असे इंग्रजीच्या अध्यापनात सामान्यतः सांगितले जाते. वर्तमान वापरापुरते हे बहुतांशी खरे आहे. तथापि आज शुद्ध समजले जाणारे अनेक प्रयोग मूळ रूपातील बदलांतूनच सिद्ध झाले आहेत, असे इतिहासावरून दिसते.

ऐतिहासिक आढावा :
'हेड ओव्हर हील्स' हा प्रयोग कोलांटी खाणे, पुढे प्रेमात आकंठ बुडणे या अर्थी रूढ आहे. वस्तुतः डोके टाचांच्या वर असणे ही माणसाची नित्याचीच स्थिती होय. १४ व्या शतकापासूनचे मूळ रूप 'हील्स ओव्हर हेड' असे होते. १८ व्या शतकात शब्दक्रम उलटला आणि तोच पुढे स्थिरावला. शेक्सपिअरच्या 'किंग जॉन' नाटकात मुलाम्याचा उल्लेख सोन्यासंबंधी व रंगाचा लिलीच्या फुलासंबंधी येतो. प्रचलित वाक्प्रचारात मुलामा लिलीलाच चढला आहे. १३ मे १९४० रोजी विन्स्टन चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत रक्त, कष्ट, अश्रू व घाम यांचा उल्लेख केला. लोकस्मृतीत कष्ट गळाले आणि 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' ही इंग्रजीत आधीपासून असलेली त्रयी उरली.

बदलाच्या मर्यादा :
सर्वच बदल मान्य होत नाहीत. ब्रूस फ्रेझर यांनी १९७० मध्ये वाक्प्रचारांच्या गोठलेपणाची श्रेणी मांडली. गुपित फोडणे या अर्थाच्या 'स्पिल द बीन्स'चे कर्मणी रूप चालते. मरण पावणे या अर्थाच्या 'किक द बकेट'चे तसे रूप केल्यास केवळ बादलीला बसलेली लाथ उरते. नन्बर्ग, सॅग व वॅसो यांच्या १९९४ मधील विवेचनानुसार पहिल्या प्रयोगात अर्थ शब्दांमध्ये विभागता येतो; दुसऱ्यात येत नाही. शिवाय मातृभाषकांतही एकमत नसते. 'कुडन्ट केअर लेस' मधील नकार गाळलेले रूप तर्काच्या विरुद्ध असूनही अमेरिकेत रुळले. ब्रिटनमध्ये ते खटकते.

निष्कर्ष :
बदल स्वाभाविक वाटणे हे मूळ रूपावर वा तर्कावर नव्हे, तर अर्थाच्या घडणीवर आणि समाजातील रूढीवर अवलंबून असते. विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील बदललेला वाक्प्रचार दुरुस्त करणे आवश्यकच आहे. परंतु तो 'अशुद्ध' नसून 'अरूढ' आहे, असे सांगणे अधिक न्याय्य ठरेल. मातृभाषकांच्या ज्या चुका रुळल्या, त्यांनाच आज नियमाचा दर्जा आहे.