प्रोफेशन टॅक्सचे २०० रुपये आणि ‘हमी’ नावाचा शब्द

पगाराच्या स्लिपवर दरमहा २०० रुपये ‘प्रोफेशन टॅक्स’ कापलेले दिसतात. कशासाठी, ते फारसं कुणी विचारत नाही. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या कमावत्या माणसाने गावातल्या बेकाराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा सरळ हिशोब.

हमीची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. १९६५मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगावात पहिला प्रयोग झाला. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला उतरली, मोर्चे निघाले, विधिमंडळात चर्चा झडल्या. १९७७ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागितलं आणि मिळालं नाही, तर बेकारी भत्ता: दिवसाला किमान १ रुपया! रक्कम किरकोळ, पण मागणं ही याचना उरली नाही, हक्क झाला. २००५मध्ये देशाने हाच धडा गिरवला.

पण हा हक्क गावापुरताच. मराठवाड्यातून दुष्काळात मुंबईला आलेल्या कित्येक कुटुंबांनी आपल्या देवनार डम्पिंगवर कचरा वेचून पोट भरलं. त्यांना कसली हमी?

इथेच ‘मूलभूत उत्पन्ना’ची चर्चा सुरू होते. कामाची अट नाही, थेट हातात ठरावीक रक्कम. यासाठी युरोपात १९८६मध्ये अभ्यासक-कार्यकर्त्यांचं जाळं उभं राहिलं. आपल्याकडे ‘सेवा’ संघटनेने २०११मध्ये युनिसेफच्या मदतीने मध्य प्रदेशातल्या गावांत प्रयोग केला. मोठ्यांना महिना २०० रुपये, मुलांना १००, पुढे ३०० आणि १५०. २०१६-१७च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत यावर अख्खं प्रकरण होतं. २०१९ला त्या जाळ्याचं जागतिक अधिवेशन हैदराबादला भरलं.

मग २०२४ला लाडकी बहीण आली, १५०० रुपये. घराला आधार झाला, हे खरंच. पण पुढे छाननीत लाखो बायकांचे पैसे थांबले. योजना सरकारच्या मर्जीवर चालते. हमीमागे कायदा असतो.

पागेंच्या प्रयोगापासून कायद्यापर्यंत १२ वर्षं लागली, तीही लोक बोलत राहिले म्हणून. आता मतं मागायला कुणी गल्लीत आलं, तर ‘किती देणार?’ याच्या आधी ‘कायदा कधी करणार?’ हे विचारा.