नव्या गाडीला अँटी-रस्ट कोटिंग करावं का?

नवी गाडी घेताना किंमत ठरली, विमा झाला, की ॲक्सेसरीजच्या यादीत हमखास एक ओळ येते: अंडरबॉडी अँटी-रस्ट कोटिंग. 'पुण्याचा पाऊस बघताय ना, करूनच घ्या,' असा आग्रहही होतो. पण गंजापासून बचावाचं मुख्य काम कारखान्यातच झालेलं असतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

गंज चढतो कसा?

लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही मिळाले की गंज चढतो. ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून मीठ असेल तर ती वेगाने होते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घट्ट बसून आतल्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत. त्याचे पोपडे निघतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

कारखान्यात काय करतात?

चाकण-पिंपरी पट्ट्यात असतात तशा कार कारखान्यांत वेल्डिंग झालेली बॉडी आधी धुतात, मग तिच्यावर फॉस्फेटसारख्या रसायनाचा बारीक थर चढवतात. त्यानंतर अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात. बॉडीवर ऋण भार आणि रंगाच्या कणांवर धन भार असल्याने, फवारा पोहोचणार नाही अशा कोनाकोपऱ्यांतही रंग जाऊन चिकटतो. हेच सीईडी कोटिंग. साधारण २० मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ असा हा थर भट्टीत भाजून पक्का करतात. दारावर दिसणारा चकचकीत रंग त्याच्या वर येतो.

काही भागांना जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतात. ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः गंजतं आणि शेजारचं लोखंड वाचवतं. शेडवरचे पन्हळी पत्रेही याच तत्त्वावर टिकतात. अशा थरांची परीक्षा बंद पेटीत होते: ३५ अंश तापमान, ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं, आणि तेही शेकडो तास.

मग वेगळा खर्च कधी करावा?

गाडी बहुतेक पुण्यातच फिरणार असेल, तर माझ्या मते घाई नको. पावसाळ्यात मडगार्डच्या आत साचलेला चिखल धुऊन काढणं जास्त उपयोगाचं. तो चिखल पाणी धरून ठेवतो आणि गंजाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते. गाडी अलिबाग, रत्नागिरीकडे कायम राहणार असेल किंवा रोज खडीच्या रस्त्यावर धावणार असेल, तर कोटिंगला अर्थ आहे. खडी उडून खालचा रंग टवके उडाल्यासारखा निघतो. अपघातानंतर पत्रा बदलला असेल, तर तिथे प्रायमर नीट लावलाय का, हे आवर्जून विचारा.

घाईत केलेलं कोटिंग उलट नुकसान करतं. ओल्या किंवा मातीने भरलेल्या पत्र्यावर ते मारलं, तर पाणी आतच अडकतं. दारांच्या तळाशी पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, ती बुजता कामा नयेत. सायलेन्सर आणि ब्रेकवर तर एक थेंबही नको. गाडीची वॉरंटी-पुस्तिका आधी वाचा. काही कंपन्या गंजून पत्र्याला भोक पडण्याबद्दल वेगळी वॉरंटी देतात. आणि सिरॅमिक कोटिंग ही निराळी गोष्ट. ते वरच्या रंगाची चमक जपतं, गाडीच्या पोटाशी त्याचा संबंध नाही.

दुचाकीवाल्यांनी चेन, स्टँड आणि सायलेन्सरकडे बघावं. पेठांतल्या पेठांत दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या स्कूटरचा सायलेन्सर पुरेसा तापत नाही. इंधन जळताना तयार झालेलं पाणी आतच राहतं आणि तो आतून गंजतो. बाहेरून कितीही रंग मारला तरी त्याला उपाय नाही. अधूनमधून लांबची फेरी मारली, तर ते पाणी वाफ होऊन निघून जातं.