विसणाचे गणित

कडकडीत पाण्यात विसण घालून ते अंगाला सोसेल असे करणे आपल्या ओळखीचे आहे. विसण किती घालायचे, हे आपला हातच सांगतो. पण अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला दुसऱ्या कोणी टबात बसवले असेल तर? चटका बसतो आहे हे त्याला उशिरा कळते. कळले तरी चटकन उठता येत नाही. ब्रिटनमधील वृद्धनिवासांत अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. 'सुरक्षित गरम पाणी म्हणजे किती अंशांचे?' या प्रश्नाचे उत्तर दोन शोधांनी घडवले. ते कसे, हे आपण पाहू.

पहिला शोध १९४७ सालचा. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी डुकरांच्या आणि स्वयंसेवकांच्या त्वचेवर ठरावीक तापमानाच्या पाण्याचे प्रयोग केले. भाजणे हे तापमान आणि वेळ या दोहोंवर अवलंबून असते, हे त्यांनी मोजून दाखवले. ४४ अंश सेल्सिअसला त्वचा भाजायला सुमारे ६ तास लागतात. तेथून ५१ अंशांपर्यंत दर अंशाला इजेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे लागणारा वेळ निम्मा होतो. विद्यार्थ्यांना हा हिशेब करायला सांगावा : ४५ अंशांना ३ तास, ४६ ला दीड तास, ४९ ला सव्वाअकरा मिनिटे. प्रयोगात ४९ अंशांना नऊ-दहा मिनिटे लागली. ६० अंशांना मात्र ५ सेकंद पुरतात. वृद्धांची त्वचा पातळ असल्याने त्यांच्या बाबतीत हा अवधी आणखी कमी धरावा लागतो.

मग बॉयलरच ४४ अंशांवर ठेवला तर? येथे दुसरा शोध आडवा येतो. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. त्यानंतर न्यूमोनियाची साथ उद्भवली आणि १८२ रुग्णांपैकी २९ दगावले. जोसेफ मॅकडेड यांनी काही महिन्यांनी त्यामागचा जीवाणू ओळखला. पुढे त्याला 'लीजिओनेला' हे नाव मिळाले. तो पाण्यात राहतो, २० ते ४५ अंशांत वाढतो आणि तुषारांतून फुप्फुसात शिरतो. ६० अंशांना तो मरतो. म्हणजे अंगाला सोसणारे पाणी त्यालाही मानवते! शिवाय या रोगाचा धोकाही वृद्धांनाच अधिक.

एकाच माणसाला वाचवण्यासाठी पाणी गरम हवे आणि गरम नकोही. ही कोंडी तापमानाने नव्हे, जागेने सुटली. इंग्लंडमध्ये २००२ साली लागू झालेल्या वृद्धनिवासांच्या किमान निकषांत दोन्ही आकडे शेजारी शेजारी होते : साठवण किमान ६० अंशांना, नळाशी सुमारे ४३ अंश. ते निकष पुढे बदलले. पण आजही ब्रिटनमध्ये अशा व्यक्तींच्या टबातील पाणी ४४ अंशांपलीकडे जाऊ नये, असाच दंडक आहे.

मधले काम एक झडप करते. तिच्यातील मेणासारखा पदार्थ तापला की प्रसरण पावतो आणि दट्ट्या सरकवून गरम पाण्याची वाट अरुंद करतो. थंड पाणी आपोआप वाढते. थंड पाणी अचानक बंद पडले, तर गरमही बंद होते. हे यांत्रिक विसणच. ती नळाजवळ बसवतात, कारण तिच्यापुढच्या नळीतले कोमट पाणी जीवाणूंच्या सोयीचे असते.

झडपही बिघडू शकते. म्हणून तिची वेळोवेळी तपासणी होते आणि वृद्धाला टबात बसवण्यापूर्वी पाण्यात तापमापी बुडवून पाहतात. हात का पुरत नाही, हे वर्गात सहज दाखवता येईल. एक हात थंड आणि दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवावा, मग दोन्ही एकाच कोमट पाण्यात घालावेत. पाणी एकच, पण दोन हातांची साक्ष वेगवेगळी येते. आपल्या हाताचे माप स्वतःच्या आंघोळीपुरते ठीक आहे. दुसऱ्याच्या त्वचेसाठी आकडाच हवा.