ठासणीचं पिस्तूल, दुप्पट दारू आणि बर्डीची टेकडी

तोड्याच्या बंदुकीवरचा भाग ऐकून एका श्रोत्याने विचारलं, "ठासणीच्या बंदुकीत दारू दुप्पट भरली तर गोळी दुप्पट वेगाने जाते का?" प्रश्न वरवर फिजिक्सचा आहे, पण त्यामागे एक जुनं वाक्य लपलेलं आहे. ते मी लहानपणापासून ऐकत आलोय: इंग्रजांची दारू भारी होती, म्हणून आपण बर्डीला हरलो. मी धरमपेठेत राहतो. बर्डीची टेकडी इथून गाडीवर दहा-पंधरा मिनिटं. तेव्हा हा हिशोब एकदा नीट करूनच टाकू.

सुरुवात पिस्तुलापासून करू, कारण तिथे आकडे लहान आणि स्वच्छ आहेत. ठासणीच्या हत्यारांची जागतिक स्पर्धा आजही भरते. तिची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ साली स्थापन झाली. पिस्तुलाचं अंतर २५ मीटर, वेळ ३० मिनिटं, बार १३ आणि त्यातले उत्तम १० मोजायचे. टोपीच्या पिस्तुलाचा प्रकार कुखेनरॉयटर या नावाने ओळखला जातो, चकमकीच्या पिस्तुलाचा कोमिनात्सो. दोन्ही नावं जुन्या बंदूक-कारागीर घराण्यांची. (आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, त्यामुळे मी यातलं काही चालवलेलं नाही. माझा सगळा खेळ कागदावर आणि लॅपटॉपवर.)

असं एक पिस्तूल डोळ्यासमोर आणा. नळी साधारण .४४ इंचाची, गोल शिशाची गोळी सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास, काळी दारू सव्वा ते दोन ग्रॅम. गोळीचा वेग सेकंदाला २०० मीटर धरू. आता दारू दुप्पट केली. दारू दुप्पट म्हणजे ऊर्जा ढोबळमानाने दुप्पट. पण ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून वेग वाढतो फक्त वर्गमूळ दोन पट, म्हणजे १.४१ पट. २०० चे ४०० होत नाहीत, २८३ होतात. तेसुद्धा कागदावरच. पिस्तुलाची नळी आखूड, त्यामुळे काही दारू जळायच्या आतच बाहेर फेकली जाते. शिवाय जास्तीच्या दारूचं स्वतःचं वजनही ढकलावं लागतं. काळ्या दारूचा मोठा दोष म्हणजे तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो घन कण म्हणून उरतो, त्याचाच धूर आणि नळीतली काजळी. म्हणजे दुप्पट दारू भरणाऱ्याला दुप्पट काजळी आणि चांगलाच दणका नक्की मिळतो. वेग मात्र दीडपटसुद्धा नाही.

बरं, त्या वाढीव वेगाचा फायदा काय? २५ मीटरवर पहिली गोळी साधारण ८ सेंटिमीटर खाली येते, दुसरी ४. पण नेम त्याप्रमाणे लावून ठेवता येतो, त्यामुळे या फरकाने गुण वाढत नाहीत. गुण जातात ते प्रत्येक बाराला वेग बदलला की. २०० च्या जागी एकदा १९० आणि एकदा २१० आला, तर दोन गोळ्यांत दीड सेंटिमीटरचं वर-खाली होतं. दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटरचं. म्हणून हे नेमबाज मात्रा कमी ठेवतात आणि प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगवेगळ्या कुप्यांत भरून आणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲव्हरेजपेक्षा स्टँडर्ड डेव्हिएशन महत्त्वाचं.

हे सगळं पहिल्यांदा मोजलं कोणी? इथे मला या विषयातला सर्वांत आवडता माणूस भेटतो, बेंजामिन रॉबिन्स. त्याचं 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक १७४२ चं. तोपर्यंत गोळीचा वेग मोजायचं साधनच नव्हतं. रॉबिन्सने साधारण ५६ पौंडांचा एक लंबक टांगला, त्यावर गोळी मारली, आणि लंबक किती झुलला ते त्याला बांधलेल्या फितीने मोजलं. धरमपेठेतल्या कुठल्याही कोचिंग क्लासला गेलेल्या पोराने बॅलिस्टिक पेंड्युलमचं गणित सोडवलेलं असतं. ते हेच. गोळी एका पौंडाचा बारावा भाग, वेग सेकंदाला १६६८ फूट, असं धरून संवेग अक्षय्यतेचं सूत्र लावा. लंबकाचा वेग येतो सेकंदाला जेमतेम अडीच फूट. डोळ्याला न दिसणारी वस्तू त्याने फितीने मोजता येईल इतकी संथ करून टाकली! मला तर हे कुठल्याही मोठ्या सिद्धांताइतकंच मोलाचं वाटतं.

पुढे चार्ल्स हटनने तोफांवर असेच प्रयोग करून वर्गमुळाचा नियम पक्का केला. त्याचा निबंध १७७८ चा. पण रॉबिन्सचा खरा धक्का वेगळाच होता, हवेचा. तोपर्यंत अनेक जण हवेचा अडथळा किरकोळ समजत. त्याच्या मोजणीत, त्या वेगाला हवा गोळीला तिच्या वजनाच्या सुमारे १२० पट जोराने मागे ढकलत होती. म्हणजे पहिल्या २५ मीटरमध्येच सेकंदाला ५०-६० मीटर वेग गायब. जास्तीची दारू घालून मिळवलेला वेग हवा आधी खाते. म्हणून रॉबिन्स सांगत राहिला की गोळा जड करा आणि दारू कमी घाला.

आता भूगोल जवळ येतो. हाच रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून १७५० मध्ये हिंदुस्थानात आला, कंपनीचे किल्ले दुरुस्त करायला. २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने वारला. चव्वेचाळीस वर्षांचा. त्या किल्ल्याच्या मद्रास इलाख्यातलीच पायदळाची पलटण ६६ वर्षांनी आपल्या बर्डीच्या टेकड्यांवर उभी होती.

२६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ. एका बाजूला आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि त्यांचे अरब, दुसऱ्या बाजूला रेसिडेंट जेंकिन्स आणि कर्नल स्कॉटची दीड हजाराच्या आतली माणसं. दोन टेकड्या, मोठी दक्षिणेला, लहान उत्तरेला, मध्ये सुमारे ३०० यार्ड. अरबांकडे लांब नळीच्या तोड्याच्या बंदुका. अशा बंदुका कंपनीच्या आखूड, ढिल्या गोळीच्या बंदुकांपेक्षा लांब मारतात, हे इंग्रज अधिकारी स्वतःच लिहीत. म्हणजे आपली हत्यारं कमजोर होती, हे पहिलंच वाक्य गळतं.

मग दारूचं? रॉबिन्सच्याच गोळीवर मी अंदाजी हिशोब लावला. पूर्ण मात्रेची गोळी नळीतून ५१० मीटर वेगाने निघते, निम्म्या मात्रेची ३६० ने. सुरुवातीचा फरक १५०. ३०० यार्डांवर, म्हणजे एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीपर्यंत, त्या पोचतात सुमारे २१५ आणि १७५ ने. फरक उरला ४०. दारू पाच-दहा टक्क्यांनी डावी-उजवी असेल तर या अंतरावर तिने कोणाला जिंकवणं अवघडच. फरक पडत होता तो बार भरायच्या वेळेत. कागदी काडतूस दाताने तोडून ठासणारा शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. जळता तोडा सांभाळत, रंजक वेगळी घालणाऱ्याला ते जमायचं नाही.

आणि तरीही कंपनी जवळजवळ हरलीच होती. रात्रभर गोळीबार चालला. २७ तारखेला सकाळी नऊच्या सुमारास लहान टेकडीवर कंपनीच्याच बाजूचा दारूचा गाडा उडाला, गोंधळ माजला आणि अरबांनी ती टेकडी घेतली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळ घेऊन खालच्या मैदानात हल्ला केला आणि तोफा हिसकावल्या. त्याच सुमारास लहान टेकडीवर पुन्हा स्फोट झाला. या वेळी अरबांच्या दारूचा. तो बघून मोठ्या टेकडीवरचे शिपाई धावले आणि टेकडी परत गेली. दुपारपर्यंत लढाई संपली.

आजच्या स्पर्धेत दारूचा मोठा डबा बार भरायच्या जागी वापरू देत नाहीत. नळीत एखादी ठिणगी उरली असेल तर उडायला एका कुपीतली दारूच मिळावी, एवढाच हेतू. बर्डीवर त्या सकाळी दोन्ही बाजूंची दारू अशी हाताशीच, ढिगाने ठेवलेली होती.