थोरे, ब्युर्गर आणि डेल्फ्टचा चित्रकार

योहानेस व्हर्मीरचे नाव आज रेम्ब्रांटच्या बरोबरीने घेतले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तशी स्थिती नव्हती. त्याचे ‘डेल्फ्टचे दृश्य’ हे चित्र डच सरकारने १८२२ मध्येच हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयासाठी विकत घेतले होते आणि जाणकार त्याची वाखाणणीही करीत. परंतु ते रंगवणारा माणूस कोण, त्याने आणखी काय रंगवले, याविषयी सुसंगत कल्पना कोणाचीच नव्हती. त्याची चित्रे इतरांच्या नावांवर फिरत होती. ड्रेस्डेनच्या संग्रहातील, खिडकीपाशी पत्र वाचणाऱ्या मुलीचे चित्र १७४२ मध्ये रेम्ब्रांटचे म्हणून खरेदी झाले आणि पुढे पीटर द होखच्या खात्यावर जमा झाले. ही विखुरलेली चित्रे एका नावाखाली आणण्याचे श्रेय ज्या फ्रेंच समीक्षकाला दिले जाते, तो तेओफिल थोरे मुळात राजकारणात गुंतलेला माणूस होता. त्याच्या कलेतिहासाचा उगम या राजकारणातच शोधावा लागतो.

थोरेचा जन्म १८०७ मध्ये ला फ्लेश या गावी झाला. शिक्षण कायद्याचे, ओढा मात्र वृत्तपत्रांकडे. लोकशाही पक्षाविषयीच्या १८४० मधील एका पुस्तिकेपायी त्याला सेंत-पेलाजीच्या तुरुंगात जावे लागले. चित्रसमीक्षक म्हणून त्याने तेओदोर रूसोसारख्या, अधिकृत प्रदर्शनांनी नाकारलेल्या निसर्गचित्रकारांची बाजू घेतली. ‘कलेसाठी कला’ या घोषणेला त्याचे उत्तर होते, ‘माणसासाठी कला’. १८४८ च्या क्रांतीत त्याने ‘ला व्हरे रेप्युब्लिक’, म्हणजे ‘खरे प्रजासत्ताक’, या नावाचे दैनिक काढले. जॉर्ज सांद त्यात लिहीत असे. दैनिकावर बंदी आली. जून १८४९ चा उठाव फसल्यावर थोरेला देश सोडावा लागला आणि त्याच्या गैरहजेरीतच त्याला शिक्षा ठोठावण्यात आली.

पुढची दहा वर्षे स्वित्झर्लंड, इंग्लंड, बेल्जियम, हॉलंड अशा भटकंतीत गेली. या काळात त्याने विल्यम ब्युर्गर हे नाव घेतले. ‘ब्युर्गर’ म्हणजे नागरिक. ज्याचे नागरिकत्व हिरावले गेले, त्याने तेच आपले नाव करावे, यातला निर्धार ध्यानात घेण्याजोगा आहे. याच नावाने त्याने मँचेस्टरच्या १८५७ च्या महाप्रदर्शनावर आणि हॉलंडच्या संग्रहालयांवर ग्रंथ लिहिले. १८५९ च्या माफीनंतर तो पॅरिसला परतला, पण ते नाव त्याने सोडले नाही. १८६८ मध्ये थोरेचे जुने समीक्षालेख पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा प्रस्तावनाकार म्हणून छापले गेले नाव होते ब्युर्गर!

डच चित्रांत त्याला काय दिसले? इटलीच्या कलेत देवदेवता, संत आणि राजे होते. स्पेनची सत्ता झुगारून उभ्या राहिलेल्या डच प्रजासत्ताकात मात्र दूध ओतणारी मोलकरीण, विटांची गल्ली, नगररक्षकांची मेजवानी हे चित्रविषय झाले होते. फ्रान्समध्ये हरलेले प्रजासत्ताक थोरेला दोनशे वर्षांपूर्वीच्या हॉलंडमध्ये सापडले. फ्रान्स हाल्सकडे त्याने नव्याने लक्ष वेधले, ते याच दृष्टीमुळे. ‘डेल्फ्टचे दृश्य’ त्याने प्रथम १८४२ च्या सुमारास पाहिले होते. निर्वासनात या चित्रकाराचा माग काढणे हा त्याचा ध्यास झाला. व्हर्मीरला तो आपला ‘स्फिंक्स’ म्हणे. १८६६ मध्ये ‘गॅझेत दे बोझार’ या नियतकालिकात तीन भागांत त्याचा व्हर्मीरवरील लेख आला आणि त्यासोबत सत्तराहून अधिक चित्रांची यादी.

आज व्हर्मीरची म्हणून मानली जाणारी चित्रे पस्तिसाच्या आसपास आहेत. म्हणजे थोरेच्या यादीतील निम्मी तरी चित्रे चुकीची होती. कारणे उघड आहेत. याकोबुस व्हरेलच्या गल्ल्या आणि हार्लेमच्या, जवळजवळ त्याच नावाच्या चित्रकाराची निसर्गचित्रे त्याने डेल्फ्टच्या व्हर्मीरला देऊन टाकली. आद्याक्षरांतील आणि आडनावांतील साम्याने हा घोटाळा झाला. पण ‘डेल्फ्टचे दृश्य’पासून आरंभ केलेल्या, रूसोच्या चाहत्याला व्हर्मीर हा निसर्गाचा आणि रस्त्यांचा मोठा चित्रकार वाटावा, हेही स्वाभाविक होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. थोरे संग्राहक होता आणि चित्रांच्या खरेदीविक्रीतही त्याचा हात होता. आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेली, व्हर्जिनल वाजवणाऱ्या स्त्रियांची दोन चित्रे त्याच्याकडे होती. कारेल फाब्रित्सियुसचा ‘गोल्डफिंच’ हा इवला पक्षीही त्याचाच. ‘मैफल’ हे त्याच्या संग्रहातील व्हर्मीरचे चित्र १८९२ च्या लिलावातून बोस्टनला गेले. १९९० मध्ये तेथील गार्डनर संग्रहालयातून ते चोरीला गेले आणि अद्याप मिळालेले नाही. ज्याची कीर्ती आपण वाढवतो त्याचीच चित्रे आपल्या भिंतीवर असणे, हे समीक्षकाच्या निःपक्षपातीपणाला बाधक नाही काय? आजच्या मापाने निश्चितच बाधक आहे.

विसाव्या शतकात जॉन मायकल माँटियास या अर्थशास्त्रज्ञाने डेल्फ्टची दप्तरे चाळून जो व्हर्मीर उभा केला, तो थोरेच्या कल्पनेतला जनसामान्यांचा चित्रकार नव्हता. त्याची पत्नी कॅथलिक होती आणि त्याची बरीचशी चित्रे एका धनिक दांपत्याच्या घरी गेलेली दिसतात. तेव्हा थोरेचा सिद्धांत डळमळीत झाला, यादी तर आधीच गळत आली होती. तरीही नंतरच्या प्रत्येक अभ्यासकाला त्याच यादीतून नावे खोडत पुढे जावे लागले. खोडण्यासाठी आधी यादी असावी लागते, आणि ती करण्यासाठी दोन दशके एका अनोळखी माणसाच्या मागे फिरण्याचे वेड लागते. तटस्थ विद्वानांपाशी ते नव्हते. एका पराभूत प्रजासत्ताकवाद्यापाशी होते.

थोरे ३० एप्रिल १८६९ रोजी वारला. मोत्याचा डूल घातलेल्या मुलीचे चित्र हेगच्या एका लिलावात दोन गिल्डरना विकले गेले, ते १८८१ मध्ये. त्याच्या सर्वांत विख्यात चित्राशी ‘स्फिंक्स’च्या या शोधकाची गाठ पडलीच नाही.