पिकअपचं ॲव्हरेज: लेबलवर एक, रस्त्यावर दुसरं

अमेरिकेत फोर्डचा एफ-१५० पिकअप घेताना इंजिनाचे बरेच पर्याय समोर येतात. २०२१च्या टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलचे सरकारी आकडे (शहर आणि हायवे मिळून) पाहा: ५ लिटरचं व्ही-८ गॅलनला २० मैल, २.७ लिटरचं टर्बो व्ही-६ २२ आणि हायब्रिड २५. म्हणजे लिटरला साधारण ८.५, ९.४ आणि १०.६ किलोमीटर.

हे आकडे प्रयोगशाळेतल्या रोलरवर, मागे ट्रेलर नसताना काढलेले असतात. खरी गंमत ट्रेलर जोडल्यावर. छोटं टर्बो इंजिन रिकाम्या गाडीत कमी पितं. ओझं आलं की टर्बो जास्त हवा कोंबतो, तिच्या जोडीला पेट्रोलही जास्त लागतं आणि व्ही-८वरची आघाडी बरीचशी विरते. हायब्रिडची कमाई मुख्यतः ब्रेक मारताना वाचवलेल्या ऊर्जेतली. सिग्नलच्या रस्त्यांवर ती दिसते. हायवेवर मात्र लेबलवरच हायब्रिड २६ आणि २.७ टर्बोही २६!

वर्षाला १५,००० मैल धरले, तर २० आणि २५ मधला फरक १५० गॅलनचा होतो. पण गाडी बहुतेक वेळ हायवेवर ट्रेलरच ओढणार असेल, तर हायब्रिडसाठी जादा पैसे मोजताना हा हिशेब धरू नये.